चार नंबरचा हात

आत्या : म्हणजे आठ दिवस मी ह्या घरात दुपटी धुतेय, आणि नातीला मी मांडीवर घ्यायचं की नाही, हे ही लाल जेली ठरवणार?

बाबा : जेली नाही, प्लेट म्हणतात तिला. आणि टेबलाला टेकू नकोस.

लेक : बाबा, वाचा ना एकदाचं. ती झोपलीय तोवर होऊन जाऊ दे.

बाबा : घाई करू नका. पस्तीस वर्षं इस्पितळाच्या लॅबमध्ये ह्याच प्लेटा वाचल्यात मी. आधी पद्धत सांगतो.

आत्या : पद्धत काल सकाळपासून तीनदा सांगून झालीय, दादा. साबणानं हात धुवायचे, पाची बोटं जेलीवर टेकवायची, झाकण लावायचं. मग तू सगळ्या प्लेटा थर्माकोलच्या खोक्यात बल्बखाली ठेवल्यास आणि पुढ्यात खुर्ची टाकून बसलास. कोंबडी बसते तसा.

लेक : आत्या.

आत्या : अगं, खोटं बोलतेय का मी? सदतीस डिग्री, सदतीस डिग्री, दुसरा शब्द नव्हता काल त्याच्या तोंडात.

बाबा : अंगाइतकी ऊब मिळाली की जंतू वाढतात. वीस-तीस मिनिटांत एकाचे दोन, दोनाचे चार. बोटावरचा एक जंतू जेलीवर पडला की दुसऱ्या दिवशी तिथं मोहरीएवढा ठिपका दिसतो. त्या एका ठिपक्यात लाखो असतात.

आत्या : एका दिवसात? माझ्या सासरच्यांनाही इतकं जमलं नव्हतं.

बाबा : हसण्यावारी नेऊ नका. पोर सात आठवडे लवकर जन्मली. महिनाभर काचेच्या पेटीत होती, तिथं तिच्या रक्तात इन्फेक्शन झालं, जिवावर बेतलं. तिला कोणीही उठून हात लावायचा नाही. दहाच्या आत ठिपके, तर बाळ मांडीवर. दहाच्या वर, तर महिनाभर दारातूनच बघायचं.

लेक : कबूल. आणि कोणाचे ठिपके हे तुम्हाला कळू नये, म्हणून तुमच्या जावयानं नंबर चिकटवलेत. यादी ह्या पाकिटात आहे. मीसुद्धा उघडलेलं नाही.

बाबा : बरोबर केलं. ओळख मधे आली की मोजणी ढिली पडते. तर ही कोरी प्लेट. हिला कोणी हात लावला नव्हता, हिच्यावर काही उगवलं नाही. म्हणजे जेली स्वच्छ होती. आणि ही सहा नंबर, मुद्दाम न धुतलेला हात. जावईबापूंचा डावा, बाजारातून आल्या आल्या टेकवलेला.

आत्या : शी. ह्यावर तर पाय ठेवायला जागा नाही.

बाबा : लिफ्टचं बटण, बसचा दांडा, फोन, सगळं आहे ह्यात. एक जण शिंक हातावर घेतो, त्याच हातानं दार उघडतो. दुसरा ते दार धरतो आणि जाता जाता डोळा चोळतो. झालं. जंतूला पाय नसतात, आपणच त्याला घरपोच नेऊन देतो.

आत्या : आणि हा माणूस काल त्याच डाव्या हातानं मला वेलची सोलून देत होता.

लेक : पुढचं वाचा, बाबा. तो घरी आला की बघते मी त्याला.

बाबा : एक नंबर. सात ठिपके, सगळे पांढरे. हे आपल्या कातडीवरचे कायमचे भाडेकरू, कितीही धुतलं तरी थोडे राहतातच. पास. दोन नंबर, नऊ. काठावर पास. पाच नंबर, सहा. उत्तम. आणि तीन नंबर... दिवा जरा इकडे कर गं.

लेक : काय झालं?

बाबा : एकही नाही.

लेक : म्हणजे?

बाबा : पाच बोटं टेकवलीत आणि एकही ठिपका नाही. असा हात मी जन्मात पाहिला नाही. ऑपरेशनला उभे राहणारे सर्जनसुद्धा इतके स्वच्छ निघाले नव्हते कधी. ह्या हाताला नमस्कार केला पाहिजे.

आत्या : कर ना मग. कोण अडवतंय?

बाबा : आणि आता हा चार नंबर. हा हात आपल्या घरातला आहे ह्याची मला लाज वाटते. बाकीची बोटं ठीक आहेत, पण अंगठा आणि पहिलं बोट बघा. एकोणपन्नास, पन्नास, एक्कावन्न. आणि रंग बघा. पांढरा नाही, पिवळा, सोन्यासारखा. हा गळवं करणारा जंतू दिसतोय. तिघांतल्या एकाच्या नाकात हा गुपचूप राहतो, त्या माणसाला काही करत नाही. पण बोटांवर इतका आला, तर त्याचा अर्थ एकच.

लेक : काय?

बाबा : हा माणूस हात धुतो आणि नंतर नाकात बोट घालतो.

आत्या : दादा, पुरे. माझ्या बरगड्या दुखायला लागल्या.

बाबा : तुला हसू येतंय? ह्याला महिना नाही, दोन महिने. आणि दारातूनसुद्धा बघायचं नाही. उघड ते पाकीट.

लेक : उघडते. एक नंबर, मी. दोन नंबर, तुमचे जावई. पाच, आपल्या कामाच्या मावशी. तीन नंबर... आत्या?

बाबा : कोण?

आत्या : मीच ती. ये, नमस्कार कर. वयाचं मनावर घेऊ नकोस.

बाबा : तू हात पदराला पुसतेस. मी डोळ्यांनी बघितलंय.

लेक : आत्या, माझ्याकडे बघ. काय केलंस?

आत्या : काही नाही गं. ह्यानंच सांगितलं की ऊब मिळाली की वाढतात. म्हटलं, मग माझे कशाला उबेत ठेवायचे? झाकणाच्या कडेला नेलपॉलिशचा टिपका लावून ठेवला होता. हा जेवायला बसला तेव्हा माझी प्लेट काढली आणि फ्रीजमध्ये टाकली, लोण्याच्या डब्यामागे. आज सकाळी हा आंघोळीला गेल्यावर परत खोक्यात.

बाबा : अन्नाच्या फ्रीजमध्ये?

आत्या : चांगली पिशवीत गुंडाळून. आणि तुला पत्ता कसा लागणार? खोकं उघडलं की ऊब जाते म्हणून तू उघडतच नव्हतास. नुसता बाहेर बसून पहारा.

लेक : ह्याच हाताला नमस्कार करणार होतात, बाबा.

बाबा : थंडीत जंतू मरत नाहीत, हे लक्षात ठेव. नुसते गप्प बसतात. बाहेर काढले की पुन्हा कामाला लागतात. तुझी प्लेट बाद. चार नंबर कोण ते वाच.

लेक : पाणी आणू का तुम्हाला?

बाबा : पाणी कशाला? वाच.

लेक : चारपुढे "बाबा" लिहिलंय.

आत्या : अरे देवा. मला धरा कोणीतरी.

बाबा : नंबर चिकटवताना घोळ झालाय. मी दोन मिनिटं हात धुतले, घड्याळ लावून.

आत्या : दोन मिनिटं दहा सेकंद. नळापाशी ताटकळत मी उभी होते ना.

बाबा : मी नाकात बोट घालत नाही.

आत्या : लहानपणी तर...

बाबा : लहानपणीचं काढू नकोस.

लेक : बाबा, आत्ता काय केलंत?

बाबा : काय केलं?

लेक : चष्मा वर सरकवलात.

बाबा : घसरतो तो. दांडी सैल झालीय.

लेक : नाकाच्या शेंड्यावर येतो आणि तुम्ही चिमटीत धरून वर ढकलता. अंगठा आणि पहिलं बोट. पहिली प्लेट उचलल्यापासून मी मोजतेय, अकरा वेळा झालं. काल दोन मिनिटं हात धुऊन प्लेटवर वाकलात, तेव्हाही तेच केलं असणार.

आत्या : केलंच. मला वाटलं, तोही पद्धतीतलाच भाग आहे.

बाबा : म्हणजे मीच होतो.

आत्या : हो, तूच. त्यात तोंड पाडण्यासारखं काय आहे? मी तर चक्क कॉपी केली.

बाबा : प्लेटचं नाही म्हणत मी.

लेक : मग?

बाबा : ती पेटीत होती तेव्हाचं. दुसऱ्या आठवड्यात सिस्टरनी मला आत बोलावलं होतं. गाऊन चढवला, हात धुतले, पेटीच्या खिडकीतून हात आत घातला. तिनं माझं बोट घट्ट धरलं. दोनच दिवसांनी ती मलूल पडली आणि रक्तात जंतू सापडला. चष्मा काय, तेव्हाही घसरला असेल.

लेक : म्हणून घरी आल्यापासून तुम्ही तिला एकदाही घेतलं नाहीत?

बाबा : सगळ्यांनाच अडवलं की मला वेगळं काही सांगावं लागणार नव्हतं.

आत्या : दादा, अरे. आणि मी कालपासून तुला कोंबडी म्हणतेय.

लेक : तुमच्याच बोटावरचा जंतू होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

बाबा : मला कोणी सांगायला हवं का?

लेक : तिचा कल्चरचा, रक्तातल्या जंतूचा रिपोर्ट वाचलात?

बाबा : नाही.

आत्या : तू? अख्ख्या गावाचे रिपोर्ट वाचलेस आणि घरातला नाही?

बाबा : गावाचे वाचले. तिचा हातात घेववेना. लॅबमधल्या पोरांनी फोन केला होता, तोही उचलला नाही. एकदा वाचलं की मग ते खरंच झालं असतं.

लेक : बसा इथंच. फाइल आणते.

आत्या : ए दादा. रडतोयस?

बाबा : नाही.

आत्या : मग चष्मा कशाला काढलास? पूस, पूस. मी तिकडे बघते.

लेक : हे घ्या, तिसरं पान. चष्मा मी लावते, तुम्ही बोट लावू नका. वाचा.

बाबा : हा... हा सोनेरी नाही.

लेक : नाहीच.

बाबा : हा पांढरा आहे. कातडीवरचा साधा. सगळ्यांच्या अंगावर असतो, कोणाला काही करत नाही. पण शिरेत नळी बरेच दिवस राहिली की नळीवर चिकटून बसतो, आणि इतक्या लहान बाळाच्या रक्तात उतरतो. ह्याचं नाव तर मी हजारदा लिहिलं असेल.

लेक : कोणाचा होता हे कधीच कळणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सिस्टरचा असेल, तिच्या स्वतःच्या कातडीवरचा असेल. माझा असेल, बाबा. मी दिवसातून चारदा पेटीत हात घालत होते. मी त्यांच्यापुढे ढसाढसा रडले आणि म्हटलं, आता हात घालत नाही. तर म्हणाल्या, नीट धुवा आणि घाला. तिला औषधाइतकीच तुमच्या हाताची गरज आहे.

बाबा : मला का नाही बोललीस?

लेक : तुम्ही इतके शांत होतात. मला वाटलं, तुम्हाला सगळं माहीत आहे.

बाबा : तरी तो माझाही असू शकतो.

लेक : असू शकतो. आणि औषधानं ती सहा दिवसांत बरी झाली, हे पुढच्या पानावर आहे. तेही वाचा.

(आतल्या खोलीतून बाळाचं कुरकुरणं ऐकू येतं.)

आत्या : उठली बघा महाराणी. पण नियमाप्रमाणे चार नंबरला दोन महिने बंदी आहे. दारातूनसुद्धा बघायचं नाही, मी स्वतः ऐकलंय.

बाबा : बरोबर आहे. नियम तो नियम.

लेक : नियम आता तिची आई करणार. प्लेटा सगळ्या जंतुनाशकात बुडवून फेकायच्या. सर्दी-खोकला असेल त्यानं खोलीत यायचं नाही. बाकीच्यांनी हात धुवायचे, कोरड्या कापडाला पुसायचे आणि बाळाला खाली ठेवेपर्यंत स्वतःच्या तोंडाला बोट लावायचं नाही. एवढंच. चला बाबा, नळापाशी.

आत्या : मला पदराला हात पुसता येणार नाही की काय?

लेक : नाही. आणि तुझा नंबर ह्यांच्यानंतर.

बाबा : अंगठ्याच्या मागची बाजू राहिली. थांब, पुन्हा धुतो.

आत्या : किती धुशील? हात पाण्यात विरघळेल आता. आण इकडे तो चष्मा, मी धरते.

बाबा : चष्म्याशिवाय मला दिसणार काय?

आत्या : तिच्यावर काही छापलेलं नाही वाचायला. आण.

लेक : बसा भिंतीला टेकून. कोपर असं घ्या. मानेखाली हात, हां. सोडते बरं का मी.

बाबा : सोडू नकोस. थांब. हं, आता सोड.

लेक : सोडली.

बाबा : ही तर काहीच वजनाची नाही.

लेक : तीन किलो होत आलीय. तुमच्या हातांना कळत नाहीये, आखडलेत ते.

आत्या : दादा, श्वास घे. तिला चालतो श्वास घेतलेला.

बाबा : बघतेय माझ्याकडे.

लेक : तुम्हाला चष्म्याशिवाय पहिल्यांदाच बघतेय ना. कपाळाला आठी घातलीय बघा, अगदी तुमच्यासारखी.

बाबा : आणि हे काय करतेय? नाक का आकसतेय?

आत्या : अगं, शिंकली. आणि बरोबर नेम धरून तोंडावर. दादा, मोज आता, किती हजार जंतू उडाले ते.

लेक : हलू नका, बाबा. कापड आणते, पुसते.

बाबा : राहू देत. तिचे आहेत.