शिरूरच्या विहिरीतला काळा फत्तर

अध्यक्षस्थानी बसलेले तहसीलदार साहेब, व्यासपीठावरचे शाळेचे मुदर्रिस युसूफ साहेब, अर्जुनराव पाटील आणि शिरूरच्या बंधुभगिनींनो,

तीस वर्षं तामीरात खात्यात, सरकारी बांधकामांवर घालवून आज वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर निघालो. थकलोय, फार बोलवणार नाही. पण आत्ताच पाटलांनी गावची विहीर माझी कर्तबगारी म्हणून सांगितली, तेव्हा गप्प बसवेना.

इथला काळा फत्तर कसा झाला, हे मी पुस्तकात शिकलो होतो. फार जुन्या काळी जमीन भेगाळली, वितळलेला खडक बाहेर येऊन पसरला, निवला. त्यावर पुन्हा दुसरा लोट. लोटाचा माथा लवकर निवतो, बुडबुडे आत अडकतात, म्हणून तो जाळीदार, पाणी धरणारा. पोट सावकाश निवतं. ते घट्ट, जड, घण मारला की खणखणतं. दोन लोटांमध्ये भाजलेल्या तांबड्या मातीचा पट्टा. एवढं पाठ असून उपयोग काय झाला?

चाळीस हात खोदलं, तरी खणखणीत फत्तरच. सुरुंगाची दारू संपली, मला ताप. 'खडक अभेद्य, काम बंद,' असा कागद मी बीडच्या कचेरीला धाडला. त्याच संध्याकाळी धुळाजी, आपला दगडफोड्या, मूठभर माती घेऊन वर आला.

"साहेब, तांबडं लागलं. हा थर सरला. खाली दुसरा हाय."

मी माती ओळखली; तिच्याखाली पाणी धरणारा जाळीदार माथा असणार. पण धाडलेला कागद फिरवायचा कंटाळा आला. "बघू," म्हणालो आणि सकाळी बीडला निघून गेलो.

पंधरा दिवसांनी परतलो, तर विहिरीत कमरेइतकं पाणी! धुळाजी आणि त्याची बायको बायनाबाई, दोघांनी नुसत्या छिन्नी-घणानं तीन हात फोडलं होतं. त्यात उडालेल्या कपचीनं धुळाजीचा डावा डोळा गेला.

विहिरीवर पाटी लागली ती माझ्या नावाची. मी का बोललो नाही? एकदा बायनाबाईला विचारलं, "धुळाजी मला काय म्हणतो?"

"काय म्हणायचं? साहेब लई दमलेलते, म्हणतो."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, मंडळी.

तहसीलदार साहेब, काल ती पाटी मी उतरवली. नवीवर त्या दोघांची नावं आहेत. परवानगी घेतलेली नाही. जाब माझ्याकडे मागावा. दोघं तिकडे दाराशी बसलेत, त्यांना पुढं जागा करून द्यावी.

आपण बोलावलंत, ऐकून घेतलंत, उपकार आहेत. बोलण्यात उणंअधिक झालं असेल, तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. आता बसतो.