साकवाची लोड टेस्ट

हसाल, तरी सांगते. मी धावपट्टीखालच्या पुलांचं डिझाइन करते. भरलेलं विमान ब्रेक मारत गेलं तरी पूल टिकेल, हे मी सही करून सांगते. पण आचऱ्याला, सासरी, बाळाला पहिल्यांदा देवळात नेताना, घरामागच्या व्हाळावर पोफळीची खोडं टाकून केलेल्या साकवापुढे मी अडले.

"बाबा, हा किती वजन पेलतो?"

सासऱ्यांनी गोठ्यातली म्हैस सोडली, पलीकडे नेऊन परत आणली. "झाली मां तुझी टेस्ट? चल आता."

"पण म्हशीचं वजन चार पायांवर वाटलं जातं. माझे दोनच."

सासूबाईंनी बाळ काखेत घेतलं. "मगे तू चार पायांर ये गो."

तशीच आले, हातापायांवर. देवळाच्या दारातून हे बघणाऱ्या गुरवांनी अंगारा बाळाआधी मला लावला.