शेजारचा तारा

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला जमलो त्या आमच्या ताई, आणि चहाची वेळ टळली तरी खुर्च्या न सोडणाऱ्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मला दोनच मिनिटं दिली आहेत. कागदही लिहून आणला होता. पण डॉक्टरसाहेब आत्ता जे बोलले, त्यानंतर तो कामाचा राहिला नाही.

मी सातवी पास घड्याळदुरुस्तीवाला. इथे आमच्या घरची मंडळीही आहेत, त्यांच्यासाठी आमचं काम थोडक्यात सांगतो. काही तारे महिनोनमहिने बिचाऱ्यासारखे मिणमिणतात आणि एके दिवशी एकदम भडकतात. कधी, ते कुणालाच ठाऊक नसतं. अवकाशातली मोठी दुर्बीण अशा ताऱ्यावर रोखली आणि तो नेमका भडकलेला निघाला, तर तिचा नाजूक डोळाच जायचा. म्हणून आदल्या संध्याकाळी आम्ही गावोगावचे छोट्या दुर्बिणीवाले तारा बघतो आणि ताईंना फोन करतो. शांत आहे, नाहीतर भडकलाय. वीस वर्षं ताईंनी आम्हा साठ जणांना सांभाळलं. एकानं मोजलेला तेजाचा आकडा दुसऱ्याला आधी कळू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. नाहीतर आम्ही काय, पुढच्यानं मान हलवली की मागचाही हलवणार!

अध्यक्ष आत्ता हसत म्हणाले, "ताईंच्या हातून वीस वर्षांत एकच चूक झाली, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला आली." सगळे हसलात. ताईही हसल्या. मी मात्र हसलो नाही. कसा हसणार?

ताई, हातानं 'बसा, बसा' करू नका. मी आधीच घाबरट माणूस.

सहा वर्षांपूर्वी, डॉक्टरसाहेबांच्या निरीक्षणाच्या आदल्या संध्याकाळी, सगळीकडे ढग. आकाश मोकळं फक्त माझ्या गच्चीवर. बघतो तर तारा लख्ख! आमची ही म्हणाली, "अहो, आधी चष्मा पुसा." पुसला. तरी लख्ख. फोन केला. ताईंनी एवढंच विचारलं, "काका, नक्की?" दाराला कुलूप लावलं की नाही हे पाहायला जो जिन्यावरून तीनदा परत जातो, तो मी म्हणालो, "नक्की!" ताईंनी मोठ्या दुर्बिणीच्या समितीला कळवलं आणि निरीक्षण रद्द झालं. डॉक्टरसाहेबांनी त्या एका तासासाठी दोन वर्षं वाट पाहिली होती.

तिसऱ्या दिवशी ढग गेले. सगळ्यांचे फोन, तारा शांत. एकदा भडकला की दोन-तीन दिवसांत विझण्यातला तो नव्हे, म्हणजे भडकलाच नव्हता. माझ्याकडे मात्र अजून लख्ख! मान दुखते म्हणून त्याच आठवड्यात मी दुर्बिणीला तिरका आरसा बसवला होता. त्यात डावं ते उजवं दिसतं. ताऱ्यांचा नकाशा मात्र जुनाच. मी शेजारच्या ताऱ्यालाच धरून बसलो होतो! चाळीस वर्षं घड्याळं उघडली, आरशात काटे उलटे फिरतात हे मला कुणी शिकवायला हवं होतं का?

रडवेला होऊन फोन केला. ताई म्हणाल्या, "काका, तारा शांत आहे ना? मग तुम्हीही शांत व्हा. आणि नकाशा उजेडावर धरून मागून बघत जा." समितीला त्यांनी सांगितलं, "निर्णय माझा होता." मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?" तर म्हणाल्या, "घेतलं असतं, तर पुढच्या वेळी खरा भडका दिसला तरी कुणी फोन केला नसता. चुकायला घाबरलेला माणूस गप्प बसतो."

मी सहा वर्षं गप्पच बसलो. आमची ही म्हणायची, "सांगून टाका एकदाचं, कूस बदलून बदलून गादी फाटली." पण भीती होती, ताईंच्या निरीक्षकांच्या यादीतून नाव जाईल. या वयात 'काका, आज काय दिसलं?' असं मला दुसरं कोण विचारतं?

डॉक्टरसाहेब, तुमचा तो तास मी घालवला, ताईंनी नाही. उद्यापासून यादी नव्या बाईंच्या हाती जाते. त्यांनी माझं नाव खोडलं तर मला वाईट वाटणार नाही. छे, खोटं बोललो. फार वाटेल. पण ताईंची पाटी कोरी करून मगच त्यांना घरी पाठवायचं होतं.

बोलू दिलंत, आभारी आहे. काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. तेवढं ताईंच्या नावावर मात्र घालू नका.