भरीत बाधलं म्हणू नका

सन्माननीय अध्यक्ष अमृतभाऊ, व्यासपीठावरील पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आपले मुख्याध्यापक आदरणीय जीवराम नाना, त्यांच्या सौभाग्यवती सुनंदाअक्का, आणि भडगावच्या गल्लीगल्लीतून आलेल्या माझ्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो,

मी कामिनी, याच शाळेत गणित शिकवते. नानांबद्दल गोड बोला, असं मला बजावलं आहे. अवघडच काम! ज्या माणसाने स्टाफरूममधल्या प्रत्येकाला बीपी आणि साखर तपासायला पिटाळलं, त्याच्याबद्दल गोड काय बोलणार? सूत्रसंचालन करणारे आपले नीलेश सर हसतायत. हसा. नानांना चुकवून पळणाऱ्यांत तेच पहिले. वय सदतीस, सकाळी मैदानावर क्रिकेट, "मला काय धाड भरलीय?" वडील ऐन पंचेचाळिशीत हृदयविकाराने गेले, खिशात तंबाखूची पुडी, तरी तपासणी नको!

नाना असे हात धुऊन का मागे लागले, याचं कारण माझ्या घरातलं आहे. तरी बोलते. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी होती. माझे यजमान भूपेंद्र सगळ्यांना वाढत होते. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, कळण्याची भाकरी. जेवणं झाली आणि त्यांच्या छातीत दाटून आलं, घाम फुटला. मंडळी म्हणाली, "भरीत बाधनं, सोडा पाजा." सोडा झाला, ओवा झाला, पाठ चोळून झाली. एकटे नाना ओरडत होते, "गाडी काढा रे, गाडी काढा!" पण चाळिशीही न गाठलेल्या धट्ट्याकट्ट्या माणसाला हार्ट अ‍ॅटॅक येतो, हे कोणाला पटेना. पटलं तेव्हा उशीर झाला होता. जळगावच्या वाटेवर, माझ्या मांडीवर ते गेले. तो मळा दिसला की मी अजून मान फिरवते.

म्हणून हात जोडून सांगते, छातीत दुखलं की आधी ईसीजी, मग...

नीलेश सर, डावा खांदा का चोळताय? नाही, उठू नका. घाम केवढा आलाय तुम्हाला! गॅस? अहो, पंगत अजून बसायची आहे, गॅस कशाचा झाला? जबडाही दुखतोय? कधीपासून? आणि सकाळपासून तुम्ही गप्प?

काय म्हणता, सत्कार झाल्याशिवाय व्यासपीठ सोडणं बरं दिसत नाही? सर, ऐका, नाना स्वतः काय म्हणतायत, "मना सत्कार कोठे पळी नही जास, भो. तू गाडीमा बस."

योगेंद्र, ती सोड्याची बाटली खाली ठेव आणि १०८ ला फोन लाव. सरांना चालवू नका, खुर्चीत टेकून बसू द्या. मोटारसायकलवर तर मुळीच नेऊ नका. मोहिनीवहिनी, पुढे या, तुमच्या यजमानांजवळ बसा. रडू नका, ते बोलतायत, शुद्धीवर आहेत. दारापुढच्या गाड्या हलवा बघू, बठ्ठ्या, सगळ्या हलवा! गर्दी करू नका, वारा लागू द्या.

अध्यक्ष महोदय, नानांचे गुण सांगायचे राहिले. माझा आवाज चढला, कार्यक्रम मोडला, कोणाला वावगं वाटलं असेल तर चूक पदरात घ्या. तुम्ही सगळे उठून वाट करून देताय, याबद्दल मी तुमची ऋणी आहे. आज आपण फक्त नानांना निरोप द्यायला जमलो आहोत. दुसऱ्या कोणालाही द्यायचा नाही.