एक इंच बारीक

चिंगी : ...पण व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी टेप जास्तच घट्ट ओढला असेल ना, आजोबा?

आजोबा : टेप माझाच होता, चिंगे. चाळीस वर्षं त्यानेच लोकांची मापं घेतली. उजवा हात डाव्यापेक्षा एक इंच बारीक भरला.

चिंगी : पण हाड तर जुळलंय! डॉक्टरांनी फोटो दाखवला.

आजोबा : हाड जुळलं, त्यावरचा स्नायू ओसरला. दीड महिना प्लास्टरमध्ये हात नुसता पडून होता. शरीर मोठं काटकसरी बघ. जे कामाला येत नाही ते उसवतं आणि तो धागा दुसरीकडे वापरतं. आजार लांबला, नस दुखावली, तरी असंच होतं.

चिंगी : प्लास्टर काढून महिना झाला की.

आजोबा : म्हणून तर ताई चक्रावल्या. ‘व्यायामाचा चेंडू रोज दाबता ना?’ म्हणाल्या. मी म्हटलं, हरवला. तुझ्या बाबांनी तिथेच सांगून टाकलं, महिन्याभरात कात्री पेलली नाही तर कटिंग कारागिराकडे. मी आपलं गिऱ्हाइकांशी गप्पा मारायच्या.

चिंगी : चेंडू हरवला नाही.

आजोबा : हं.

चिंगी : मी लपवला. चिंध्यांच्या पोत्यात. तुम्ही दाबताना कण्हायचात. एकदा तर डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, चेंडूच नसला तर दुखणार नाही.

आजोबा : आणि घास भरवायला, केस विंचरायला तू होतीसच.

चिंगी : मला वाटलं, मी सेवा करतेय. तुमचा हात मीच घालवला.

आजोबा : रडू नकोस. ऐक. तो चेंडू मला तिसऱ्याच दिवशी सापडला. अस्तराचा तुकडा शोधत होतो.

चिंगी : मग?

आजोबा : मग वरून आणखी दोन मुठी चिंध्या टाकल्या.

चिंगी : आजोबा! का?

आजोबा : दुखायचं गं. आणि लाडाची सवय लागायला वय आडवं येत नाही. ताई तुझं कौतुक करत होत्या, तेव्हा मी खाली बघत बसलो. तुला रागवायला मला तोंड कुठंय?

चिंगी : हात परत भरेल?

आजोबा : हळूहळू. ओसरायला महिना, तर भरायला तीन. पहिल्यासारखा होईलच, असं काही ताई म्हणाल्या नाहीत. रोजची कामं याच हाताने करायची. चल, आधी हा सदरा.

चिंगी : थांबा, मी बटण—

आजोबा : चिंगे!

चिंगी : नाही लावत. ...सरकलं. परत सरकलं.

आजोबा : दिसतंय मला.

चिंगी : दुखतंय?

आजोबा : दुखतंय.

(आजोबा पुन्हा बटणाशी झटू लागतात.)

आजोबा : अगं, अशी अवघडून काय बसलीस? हात कुठे गेले तुझे?

चिंगी : मांडीखाली दाबून ठेवलेत. सोडले तर पुढे येतील.