बंदुकीला खोबरेल

माझे बाबा न्यूझीलंडमधल्या पापाकुऱ्यात फार्मसिस्ट आहेत आणि मे महिन्यात, इथली थंडी सुरू झाली की, बदकांच्या शिकारीला जातात. त्यांच्या पंप-ॲक्शन शॉटगनचा किस्सा तुम्ही त्यांच्याकडून ऐकलाच असेल. खरं काय झालं ते मी सांगते.

बंदूक साफ करताना बाबा ती रिकामी असल्याची दोनदा खात्री करतात, मग मी पुसते. त्या शनिवारी बंदुकीचं तेल संपलं होतं. बाबांनी बाथरूममधून खोबरेल आणलं.

"बाबा, ते थंडीत गोठतं," मी म्हणाले. "आपण बाटली गरम पाण्यात ठेवतो ना?"

"अगं, तेल ते तेल. गावी सायकलच्या चेनला हेच घालायचो आम्ही," म्हणत त्यांनी स्वतःच भरपूर लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर खोबरेल गोठलं आणि काडतूस भरायला मागे ओढायची बंदुकीची पुढची मूठ सरकेचना. बदकं उडून गेली. बाबांचा मित्र ग्रेग त्यांच्यासोबत घरी आला तो हसतच.

"हिने साफ केली होती," बाबा त्याला म्हणाले. "पोरीने केसांचं तेल घातलं!"

मी बाबांकडे पाहिलं. ते खाली वाकून बूट काढत होते.

"स्वीट ॲज, काही हरकत नाही, शिकशील हळूहळू," ग्रेग मला म्हणाला. पुढच्या रविवारी ते दोघं मलाही नेणार होते.

मी "सॉरी" म्हणाले.

रविवारी जाग आली तेव्हा दारात गाडी नव्हती.

"ग्रेगला वाटतं, तू अजून लहान आहेस," आई म्हणाली. "बाबांनाही पटलं ते."