कडुनिंबाखालचा धूर

...नाही, पण मी काय म्हणतो, माझं चुकलं कुठं? तक्रारच केली ना? तीही कसली, तर धुराची! तुम्हाला सांगतो, तेहेतीस वर्षं भोपाळच्या या टाउनशिपमध्ये काढली, कारखान्यात लेथवर हात काळे केले, कधी कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, आणि रिटायरमेंटला दहा महिने उरलेले असताना मला पृथ्वी वाचवायची अवदसा आठवली!

सगळं त्या भाषणापायी. मार्चमध्ये आमच्या कम्युनिटी हॉलात पर्यावरण पखवाडा, म्हणजे आपला पंधरवडा, होता. वक्ते दिल्लीहून विमानानं आलेले, आणि एसी असा सोडलेला की वैजयंती, म्हणजे आमची बायको, शाल पांघरून बसली. आणि वक्ते आपले बोट नाचवत, "धरती को बुखार है! कौन उतारेगा? सामान्य आदमी! सामान्य आदमी बहुत कुछ कर सकता है!" टाळ्या! मीही वाजवल्या. म्हटलं, खरंच की, सामान्य माणूस बरंच काही करू शकतो, आणि आपल्याइतका सामान्य माणूस या हॉलात दुसरा आहे कोण?

झालं! दुसऱ्या दिवसापासून गीझर बंद, स्कूटर बंद. अवधपुरीला भाजी आणायला सायकलनं जायचो, येताना भाजी हँडलला आणि मी सायकलला लटकलेला. वैजयंती म्हणाली, "पृथ्वीचा ताप उतरेल तेव्हा उतरेल, तुम्हाला ताप आला तर मी काढा करणार नाही, सांगून ठेवते!" ऐकतो कोण?

आता आमच्या क्वार्टरपुढं एक कडुनिंब आहे. आहे म्हणजे काय, वैजयंतीचाच तो! लग्न होऊन आली त्या वर्षी हातभर रोप लावलं तिनं, तांदळाचं धुवण घालून घालून वाढवलं. मला बढती मिळाली, मोठं क्वार्टर मिळत होतं, तर म्हणाली, "तुम्ही जा, मी झाड सोडून येणार नाही." शेजारीपाजारी सगळ्यांकडे एसी आले, आमच्याकडे मात्र मे महिन्यातसुद्धा जुना कूलर पुरतो, तो त्या सावलीवर. हिला एसीत धाप लागते हो, हिची दुपार त्या झाडाखालीच जाते.

तर मार्चमध्ये त्याचा पाला गळतो, आणि रोज सकाळी सहाला गोपीनाथ, आमचा सफाईवाला, तो झाडून ढीग करतो आणि लावतो काडी! धूर थेट आमच्या स्वयंपाकघरात! मी म्हटलं, "गोपीनाथ, अरे धरती को बुखार है!" तो म्हणाला, "बाबूजी, ट्रॉली दो साल से टूटी पड़ी है. चालीस क्वार्टर की पत्ती सिर पे ढोऊँ?" बरोबरच होतं त्याचं. पण भाषण डोक्यात भिनलेलं ना! सामान्य माणूस बरंच काही करू शकतो! गेलो तडक तक्रार कार्यालयात.

तिथं बाळकृष्ण बसतो. ग्वाल्हेरचा, आपलाच मराठी मुलगा. रजिस्टर उघडून म्हणतो, "काका, यात बिजली आहे, पानी आहे, नाली आहे, पेड आहे. धुराचं खातंच नाहीये." म्हटलं, "मग?" "मग काय! धूर कशाचा? पाल्याचा. पाला कुठून पडतो? पेडवरनं. मी पेडमध्ये डालून देतो, तुम्ही टेन्शन नका घेऊ." आणि मी, अहो, लेथवर केसाएवढी चूक न करणारा मी, मी तिथं सही केली!

आता ऐका. आमच्या न्हाणीघराचा नळ दिवाळीपासून गळतोय. तीन तक्रारी केल्या, कुत्रं फिरकलं नाही. आणि ही तक्रार? चौथ्या दिवशी दारात ट्रक! दोर, करवती, सहा माणसं! मुकादमाच्या हातात कागद: 'पेड से परेशानी. पेड हटाया जाए. शिकायतकर्ता, गजानन अमुकतमुक.' मी म्हटलं, "अहो, मी धुराची तक्रार केली होती!" तो म्हणाला, "साहब, पेड नहीं रहेगा तो धुआँ कहाँ से आएगा?" काय डोकं आहे बघा! अशा हिशेबानं ताप उतरवायला रोग्यालाच उचलायचं!

आणि वैजयंती दारात उभी. कागद बघितला, सही बघितली, मग माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर परवडलं असतं हो. हळूच म्हणाली, "तेहेतीस वर्षं मी वाढवला आणि तुम्ही एका सहीनं..." तुम्हाला सांगतो, त्या क्षणी धरणीमाता दुभंगून मला पोटात घेती तर मी तिच्या तापाची चौकशीसुद्धा केली नसती.

तेवढ्यात कडाड्! एक फांदी खाली. तशी ही आत गेली, चटई आणली, सूप आणलं, आणि वर्षाच्या गव्हाचं पोतं ओढत आणून बसली बुंध्याला टेकून निवडायला! मुकादम म्हणाला, "अम्माजी, हटिये." ही म्हणाली, "गेहूँ हो जाने दो." "कितना है?" "चार बोरी!"

मी स्कूटर काढली. हो, काढली, पृथ्वीची क्षमा मागून काढली! कार्यालयात पोचतो तो बाळकृष्ण डबा उघडून जेवत बसलेला. म्हटलं, "तक्रार मागं घे!" म्हणतो, "काका, मागं घ्यायचं कॉलमच नाहीये." "अरे, माझी बायको तिथं करवतीखाली बसलीय!" तेव्हा कुठं घास खाली ठेवला त्यानं. "एकच रस्ता आहे," म्हणाला, "तक्रार दूर झाली असं लिहून द्या. मग काम आपोआप थांबतं." पुढं केला कागद: 'मेरी शिकायत का निवारण हो चुका है. मैं पूर्णतः संतुष्ट हूँ.' काय करता! तिथं माझं झाड कापतायत, इथं मी पूर्णतः संतुष्ट! केली सही. सामान्य माणूस बरंच काही करू शकतो म्हणतात ना, आमच्या टाउनशिपमध्ये तो फक्त सही करू शकतो!

झाड वाचलं. एक फांदी गेली, खिडकीवरची. आता दुपारी तीनला ऊन थेट पलंगावर येतं, आणि वैजयंती पलंग सरकवते. रोज. तो आवाज मला ऐकावा लागतो.

आणि धूर? तो दुसऱ्या दिवशी सहाला हजर! पुन्हा तक्रार कुठल्या तोंडानं करू? पूर्णतः संतुष्ट आहे ना मी! तीन दिवस खोकलो, चौथ्या दिवशी वैजयंतीनं हातात खराटा दिला. "मागच्या अंगणात खड्डा खणा, पाला त्यात टाका. खत होईल." म्हटलं, "अगं, हे आधी नाही का सांगायचं?" म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही भाषण ऐकत होता!"

तेव्हापासून रोज सकाळी साडेपाचला, म्हणजे गोपीनाथ काडी लावायच्या आत, मी खराटा घेऊन अंगणात. आमचं झालं तर शेजारच्या सरोजताई फाटकातून म्हणतात, "भाईसाहब, बड़ा अच्छा काम कर रहे हैं, ज़रा हमारे आम का भी..." झालं, आंब्याचंही आलं माझ्याकडे! त्यांच्या एसीची गरम हवा पाठीवर घेत मी त्यांचा पाला भरतो! आणि गोपीनाथ? बसलेला असतो आमच्याच ओट्यावर, वैजयंतीनं दिलेला चहा पीत, आणि बशीतनं मान वर करून मला दाखवतो, "बाबूजी, उधर थोड़ी रह गई."

सामान्य माणूस बरंच काही करू शकतो... अहो, शकतो कसलं, त्यालाच करावं लागतं! पूर्णतः संतुष्ट राहून!